डिझेल कुठे मुरतं?

साइटवर डिझेल कमी भरलं की पहिला संशय ऑपरेटरवर. दुसरा त्याच्या हेल्परवर, तिसरा रात्रीच्या वॉचमनवर. टाकीवर संशय घ्यायची पाळी आलीच तर सगळ्यात शेवटी. यात ठेकेदाराचं सगळंच चुकतं असं नाही. डिझेलची चोरी होते आणि बक्कळ होते. पोकलेनच्या टाकीत नळी सोडून दोन कॅन काढायला फार वेळ लागत नाही, आणि ते कमी भावात घेणारं गिऱ्हाईक हमरस्त्यावर कुठंही भेटतं. माझी नोकरी या यंत्रांच्या सर्व्हिसमधली. चोऱ्या पाहिल्या, गळत्याही पाहिल्या. डिझेल दोन्हींत जातं, पण जाण्याची रीत निराळी असते. ती ओळखायची तर टाकीशेजारी बूड टेकून बसावं लागतं, आणि साइटवर तेवढी सवड कुणालाच नसते.

ही हकीकत जानेवारी २०२४ मधली, सेक्टर ६७ मधली. पत्त्यावर लोक सर्रास चंडीगड लिहितात, पण ही जागा मोहालीत, म्हणजे पंजाबात. चंडीगडच्या सेक्टरांचे आकडे मोहालीत तसेच पुढे चालू राहतात, त्यामुळे एक रस्ता ओलांडला की हद्द बदलते आणि आकड्यांची ओळ मात्र तीच राहते. विमानतळाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्याच्या कडेला तिथं काचेच्या इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीआधी जमिनीत दोन-तीन मजले खोल खड्डा. आमचं यंत्र अशाच एका खड्ड्यात होतं.

वीस टनी पोकलेन. आधीचा संसार महाराष्ट्रात. समृद्धी महामार्गाच्या कामावर त्यानं ब्रेकर लावून काळा पाषाण फोडला होता. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तशी बरीच यंत्रं मोकळी झाली, मालकांनी मिळेल तिकडं भाड्यानं लावली. हे ट्रेलरवर चढून थेट पंजाबात आलं. सोबत ऑपरेटरही आला, बीड जिल्ह्यातला, पन्नाशीचा. सगळी साइट त्याला मामा म्हणायची. पंजाबी, बिहारी, नेपाळी, सगळे ‘मामा’च म्हणायचे, आणि त्यातल्या निम्म्यांना हे त्याचं नावच वाटत होतं.

मोहालीची माती पाहून मामा हरखून गेला होता. आपल्याकडं वावभर मुरूम लागला की खाली खडक वाट पाहत असतो. इथं नुसती गाळाची भुसभुशीत माती, कितीही खोल जा, बकेटला दगड म्हणून लागत नाही. “साहेब, इथं मशीन राबत नाही, खेळतंय,” असं तो मला फोनवर म्हणाला होता. पण या मातीचा दुसरा गुण त्याच्या ध्यानात यायचा होता. ती वाळली की पिठासारखी उडते आणि जिथं केस शिरणार नाही तिथं जाऊन बसते.

मला बोलावणं आलं ते ठेकेदाराकडून. फोनवर त्याचं वाक्य, “गडबड है, कुछ तो गडबड है.” आपल्याकडं आपण म्हणतो ना, कुठंतरी पाणी मुरतंय, तो सूर. रोज संध्याकाळी डिझेलचा बाउजर येऊन टाकी गळ्यापर्यंत भरायचा. थंडीच्या मुलखात हेच बरोबर असतं. टाकी रात्रभर रिकामी राहिली तर आतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर दव होऊन धरते, पाणी डिझेलच्या तळाशी जाऊन बसतं, पत्रा आतून गंजतो. म्हणून दिवस मावळताना भरायची. पण सकाळी पाहावं तर तीन-चार लिटर कमी. टाकी ३४० लिटरची. त्यात चार लिटर म्हणजे पातळीत जेमतेम एक सेंटिमीटर. एका रात्रीचं कुणाच्या डोळ्यावर आलं नसतं, पण महिन्याची बेरीज ठेकेदाराच्या डोळ्यांत खुपली. मीटरचे तास आणि भरलेलं डिझेल यांचा मेळ बसेना. मग टोपणाला नवं कुलूप आलं. तरी तेच. किल्ली मामाकडं, म्हणजे चोर मामा. पुढच्या पगारातून डिझेल कापायचं जवळजवळ ठरलं होतं.

मी पोचलो त्या दिवशी धुकं असं होतं की खड्ड्याच्या काठावरून तळातलं यंत्र दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. खाली उतरलो. मामा काही बोलला नाही. डॅशबोर्डखालच्या खणातून शाळकरी पोरांची दोनशेपानी वही काढून माझ्या हातात दिली. आत रोजच्या दोन नोंदी, संध्याकाळची पातळी आणि सकाळची पातळी. टाकीच्या बाहेर पारदर्शक नळी असते, आत किती डिझेल आहे ते दाखवणारी. तिच्या मागं त्यानं पत्र्यावर खिळ्यानं सेंटिमीटरच्या रेघा ओढल्या होत्या. आळ आल्यापासून माणूस रोज दोन वेळा रेघ वाचत होता आणि लिहीत होता. सातवी शिकलेला मामा, पण अशी शिस्तीची नोंद मी पदवीधरांकडूनही क्वचित पाहिली आहे.

ती वही घेऊन मी केबिनमध्ये बसलो, आणि अर्धी उकल तिथंच झाली. टाकी काठोकाठ भरलेल्या रात्री घट जास्त. जरा कमी भरलेल्या रात्री घट कमी. बाउजर न आलेल्या काही रात्री होत्या, टाकी दोन-तृतीयांशाच्या खाली असलेल्या. त्या रात्री घट शून्य.

ठेकेदाराला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, बरोबरच आहे, भरलेल्या टाकीतूनच चोर काढणार, कमी असताना काढलं तर दिसेल ना. तर्क बिनतोड होता, एवढं मान्य करायला हवं. त्याला तोड काढायची तर माणूस आणि टाकी यांची फारकत करून पाहावी लागणार होती.

लोहडी आणि संक्रांत लागून आली. साइट बंद, मजूर आपापल्या खोल्यांवर, मामा माझ्याबरोबर चंडीगडला. तिथं विटा भागातला एक गलाईवाला आमच्या ओळखीचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं आमच्या सांगली जिल्ह्यातले लोक हिंदुस्थानभर कुठं कुठं जाऊन बसलेत, त्यांतला एक. त्याच्या घरी तिळगूळ आणि बाजरीची भाकरी. निघण्याआधी मी टाकीतली पातळी मुद्दाम दोन-तृतीयांशाच्या रेघेच्या बोटाच्या एका पेराएवढी वर ठेवली. टोपणाच्या आणि तळाच्या ड्रेन कॉकच्या कुलपातून तार ओवली आणि विजेच्या मीटरला असतं तसं शिशाचं सील दाबलं. पक्कड ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हातात होती, माझ्या नव्हे. आणि वॉचमनला सांगितलं, दर चार तासांनी बॅटरी मारून रेघ बघ आणि कागदावर लिही.

सण उरकून परतलो. सील जसंच्या तसं. पातळी आधी उतरली होती. रेघ जवळ आली तशी हळू उतरली, आणि रेघेशी येऊन जी थांबली ती पुढे सगळा दिवस तिथंच. चोराला असली रेघ पाळायचं कारण नाही. टाकीला मात्र त्या उंचीवर कुठंतरी तोंड होतं.

सुपरवायझरनं तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, मग एवढं डिझेल गेलं कुठं? जमिनीवर डबकं नाही, डाग नाही. हा प्रश्न वाजवी होता. गळतीची भानगड इथंच असते, ती जिथं होते तिथं दिसत नाही. पाण्यापेक्षा डिझेल फार चेंगट. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून पाणी जिथं अडून बसेल त्या फटीतून डिझेल निवांत बाहेर येतं, आणि आल्यावर थेंब होऊन पडत नाही. पत्र्याला चिकटून, वेल्डिंगच्या शिवणीचा आधार घेत, सरपटत लांब जातं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जाऊन लोंबतं. आमच्या यंत्रात तो कोपरा नेमका ड्रेन कॉकशेजारी होता. आधी कुणीतरी कॉकचं तांब्याचं वायसर बदलूनही पाहिलं होतं. ओल तिथं दिसते म्हणून गळती तिथंच, असा सरळ हिशेब.

कोपऱ्यातून ते खालच्या संरक्षक पत्र्यावर पडायचं. तो पत्रा आम्ही बोल्ट काढून उतरवला तेव्हा त्यावर बसलेल्या मोहालीच्या मातीचा, डिझेल पिऊन काळाकुट्ट झालेला, चिकट थर निघाला. घमेली भरली. तिथून उरलेलं जमिनीत जायचं, पण खड्ड्यातली जमीन रोज बदलत होती. रात्री मुरलेली ओल सकाळी मामाच आपल्या बकेटनं उचलून डंपरमध्ये टाकत होता. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा तो रोज स्वतःच्या हातानं खणून पाठवत होता. आणि त्या काळ्या थरापासून इंजिनचा तापलेला सायलेन्सर हाताच्या अंतरावर होता. डिझेलच्या पैशांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली.

आता तोंड शोधायचं. टाकीच्या तीन बाजू उघड्या होत्या, त्या धुऊन पुसून पाहिल्या, कोरड्या. चौथी बाजू हायड्रॉलिक तेलाच्या टाकीकडं, मधे तीन बोटं जागा. तिथं साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, हवेनं सुकवलं, आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पिचकारीनं उडवली. स्पिरिट उडून गेलं की पत्र्यावर पांढरा कोरडा हात बसतो. मग टाकी काठापर्यंत भरली, काठीला आरसा बांधून फटीत सरकवला, वरून बॅटरी धरली आणि वाट पाहत बसलो. मामा, मी आणि सुपरवायझर, तिघांची तीन डोकी एका आरशावर.

बराच वेळ काही नाही. मग पांढऱ्यावर केसासारखी एक करडी रेघ उमटली. उभी, अंगठ्याएवढी लांब. तिच्या खालच्या टोकापासून एक ओघळ निघाला, शिवणीला लागला आणि शिवणीवरून आडवा चालू लागला, ड्रेन कॉकच्या दिशेनं. मामा पुटपुटला, “ह्ये बघा, चाललंय.” सुपरवायझर गप्प. मोबाइल काढून त्यानं फोटो घेतला आणि कुणाला तरी पाठवला. कुणाला ते मी विचारलं नाही.

भेग सापडली म्हणजे काम संपलं असं मानणारे मेकॅनिक मला भेटतात. भेग का पडली हे ज्याला कळलं नाही त्यानं ती बुजवू नये, कारण ती पुन्हा पडणारच. दगड लागून पडली म्हणावं तर या बाजूला दगड पोचूच शकत नाही. ब्रेकरच्या हादऱ्यांनी म्हणावं तर टाकीचे रबरी पाय शाबूत होते. मी मामाला विचारलं, संध्याकाळी टोपण उघडताना काही जाणवतं का? तो म्हणाला, “फुस्सदिशी आवाज येतो की. कवाच्यान येतोय. मी सांगितलंतं, पण कोण ऐकतंय.”

त्या फुस्समध्ये सगळं आलं. टाकीतून डिझेल इंजिनकडं जातं तेवढीच हवा टाकीत आत यावी लागते. त्यासाठी टोपणात बारीक जाळी लावलेलं भोक असतं, ब्रीदर. आमच्या टोपणातला ब्रीदर मोहालीच्या पिठानं लिंपला होता. पूर्ण नव्हे. रात्रीच्या थेंब थेंब गळतीपुरती हवा त्यातून आत शिरत होती. पण दिवसा इंजिन तासाला बारा-चौदा लिटर ओढायला लागलं की ती पुरत नव्हती. मग टाकीत पोकळी तयार व्हायची आणि बाहेरची हवा पत्रे आत दाबायची. बाजूचा पत्रा साठ बाय पंच्याऐंशी सेंटिमीटरचा. चौरस सेंटिमीटरला नुसता पन्नास ग्रॅम फरक पडला तरी एका पत्र्यावर पाव टनाचा दाब. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा अंगठ्यानं दाबून सोडला की डबक-डबक करतो, तसा तो रोज आत-बाहेर होत होता. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून पत्र्याचे पडदे झाळलेले असतात. या टाकीतला पडदा दोन-तृतीयांश उंचीवर संपत होता. त्याच्या वरचा पत्रा हलणारा, खालचा जखडलेला. जिथं हलणं थांबतं तिथं लोखंड थकतं. वेल्डिंगच्या बरोबर टोकाशी चीर गेली, आणि वहीतली रेघ तीच होती. पाषाणानं या टाकीचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते मऊ मातीनं.

हेल्परचं म्हणणं, साबणाची वडी घासा, चालतंय. चालतं, हे खरं आहे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून ट्रकवाले पिढ्यान् पिढ्या टाकीच्या चिरेत साबण भरून मुक्काम गाठत आलेत. एम-सील लावणारेही आहेत. ओल्या पत्र्यावर ते धरत नाही आणि धरलं तरी डबकणाऱ्या पत्र्यावर किती दिवस टिकणार? वर्कशॉपपर्यंत पोचायला ठीक. आम्ही टाकी उतरवायचीच ठरवली. चेन ब्लॉक लावून उचलली, टेम्पोत घातली आणि इंडस्ट्रिअल एरियात एका मिस्त्रीकडं नेली.

मोहालीत चांगला वेल्डर शोधायला फार वणवण करावी लागत नाही. या गावानं ट्रॅक्टर बनवलेत. स्वराज ट्रॅक्टरचं उत्पादन इथं १९७४ मध्ये सुरू झालं, आणि आता तो महिंद्राकडं असला तरी त्या कारखान्याच्या आसपास लोखंडात हात घालणाऱ्यांची दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. मी स्वतः पलूस तालुक्यातला, किर्लोस्करवाडीचा भोंगा ऐकत वाढलेला. कारखान्यानं गावाला काय दिलं हे मोजायचं तर पगारपत्रक बघू नये, गल्लीतल्या गॅरेजातला लेथ बघावा, असं माझं मत आहे.

मिस्त्री सरदारजी, सत्तरीला आलेले. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर पहिला प्रश्न, “हजूर साहिब से?” नांदेडच्या त्या गुरुद्वाऱ्यापासून आमचं गाव किती लांब हे सांगायचा मोह मी आवरला आणि मामाकडं बोट केलं, हा तिकडचा. बीड आणि नांदेड यांच्यातला फरक पंजाबात कुणी काढत नाही. मामाला लगेच खुर्ची आणि चहा. मी उभाच.

सुपरवायझरला घाई. यंत्र उभं म्हणजे रोजचं भाडं बुडतं. तो म्हणाला, टाकी रिकामी आहे, दहा मिनिटांत टाका मारून द्या. म्हातारबुवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “खाली टंकी ही तो मारती है, जी.”

हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या दारावर रंगवून घ्यावं असं आहे. भरलेल्या टाकीत पेट घ्यायला हवा नसते. रिकाम्या टाकीत हवाही असते आणि पत्र्याला माखलेलं डिझेलही. डिझेलची वाफ हवेत शेकडा ०.६ ते ७.५ या प्रमाणात मिसळली की ती ठिणगीची वाट पाहते. ३४० लिटरच्या टाकीत ते खालचं प्रमाण गाठायला चहाचे चार-पाच चमचे डिझेल पुरतं. तेवढं तर शिवणीच्या खाचेत राहतंच. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे उघड्यावर, गार हवेत खरं. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा एवढंच मानक सांगतं. आपला उन्हाळा त्याच्या पुढे असतो, आणि वेल्डिंगचा आर्क तर हजारोंच्या घरात. पत्र्याच्या आतल्या अंगाला लागलेलं डिझेल त्या उष्णतेनं जागच्या जागी वाफ होतं. वास येत नाही म्हणून टाकी स्वच्छ, ही समजूतही फसवी. गंजाच्या पापुद्र्याखाली मुरलेलं डिझेल तापल्यावरच बाहेर पडतं.

म्हणून मिस्त्रींनी त्या दिवशी होल्डरला हातच लावला नाही. सगळी तोंडं उघडली. उकळतं पाणी आणि धुण्याचा सोडा आत ओतून टाकी दोघांनी कुशीवर लोळवली, ओतली, पुन्हा भरली. निघणारं पाणी तवंगाशिवाय येईपर्यंत हेच. रात्रभर टाकी तोंडं उघडी ठेवून पालथी. दुसऱ्या दिवशी भेगेची बाजू वर करून ठेवली आणि भेगेच्या खाली दोन बोटं राहील इतकं पाणी भरलं. आता आत हवेला जागाच जवळजवळ उरली नाही. जी उरली तिच्यात सीओटू वेल्डिंगच्या सिलिंडरचा पाइप सोडून गॅस भरला, वाफ निघून जायला एक तोंड उघडं ठेवलं. मग कुठं ग्राइंडर चालू झाला.

भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी तीन मिलिमीटरचं एकेक भोक पाडलं. टोकदार चीर पुढे धावते, गोल भोकाशी थबकते. भेग खरवडून तिची खाच केली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि टाका मारला. एका दमात नाही. थोडा, मग थांबायचं, हात लावून बघायचं, मग पुढचा. वरून एक जोडपत्रा बसवला, कोपरे गोल कापलेला. चौकोनी ठिगळ दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पुढची चीर त्याच्याच कोपऱ्यातून निघते. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर म्हातारबुवांनी चारही कोपरे वाटीभोवती खडू फिरवून आखले होते.

तपासणीला सुपरवायझरनं टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणवला, तो आम्ही दोघांनी मिळून परत पाठवला. तो सात किलोचा दाब देतो. तेवढा दाब या चपट्या पत्र्यावर आला तर एका बाजूवर पस्तीस टन होतात, टाकी फुगून फाटते आणि जवळचा माणूस जातो. आपल्याला पाव किलोहूनही कमी लागतो. ०.२ किलोलासुद्धा त्या पत्र्यावर टनभर भार असतो. एवढा कमी दाब साध्या मीटरवर वाचता येत नाही. त्यावर गवंड्याची लेव्हल ट्यूब कामाला आली. पारदर्शक नळी भिंतीवर इंग्रजी यू अक्षरासारखी टांगायची, अर्ध्यापर्यंत पाणी, एक टोक टाकीला. टाकीत सायकलच्या पंपानं हवा मारायची. दोन्ही बाजूंच्या पाण्यात दोन मीटरचा फरक पडला की ०.२ किलो झाला. जास्त झालं तर पाणी नळीबाहेर उडतं, टाकी फुटत नाही. पंप मामानं मारला. शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही, आणि चहा होईपर्यंत नळीतलं पाणी हललं नाही. शेवटी आणखी एक परीक्षा, जुनी आणि माझ्या मते सगळ्यात कडक. शिवणीला बाहेरून चुना, आतून रॉकेल. रॉकेल जिथून निसटेल तिथं चुना डागाळतो. चुना पांढराच राहिला.

आत उरलेला प्रत्येक कण काढावा लागतो, हेही सांगायला हवं. नव्या इंजिनांत इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. वेल्डिंगचा एक दाणा इंजेक्टरपर्यंत पोचला तर टाकीच्या दुरुस्तीच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. टाकी सुकवली, आतून चुंबक फिरवला, फिल्टर दोन्ही नवे टाकले. आणि टोपण नवं, ब्रीदरसकट. सगळ्या बिलात सगळ्यात कमी रक्कम त्या टोपणाची होती.

टाकी चढवली, भरली. सकाळी रेघ हलली नव्हती. ठेकेदारानं मान डोलावली, पुढच्या यंत्राकडं वळला. पगारातून कापायचं कुणी पुन्हा काढलं नाही, तसंच चोर म्हटल्याचंही कुणी काही बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली मंडळी, फाशी रद्द झाली की दोरखंड गुंडाळून घरी जातात, तसा प्रकार. मी निघताना मामाला म्हटलं, झालं ना आता, मी ठेकेदाराला सगळं नीट सांगितलंय. तो म्हणाला, “साहेब, तोंडानं नको. बुकात लिहा.” यंत्राचं लॉगबुक पुढं केलं. मी लिहिलं. टाकीला भेग, ठिकाण, कारण, ब्रीदर बुजलेला, चोरी नाही. खाली सही, तारीख. त्यानं ते वाचलं, ‘चोरी नाही’ या शब्दांखाली स्वतःच्या पेननं रेघ ओढली आणि बुक खणात ठेवलं. शाळकरी वही मात्र मला दिली नाही. ती त्याची त्याच्याकडंच राहिली, आणि त्यानं त्यात नोंदी चालू ठेवल्या.

आता आपल्या गावाकडं येतो. आज आमच्या भागात दर दोन-चार गावांत एखाद्या पोरानं कर्ज काढून जेसीबी घेतलेला असतो. टाकी गळायला लागली की तो ती दुपारी उतरवतो आणि संध्याकाळी कामावर जायचं म्हणून तशीच जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात नेतो. दुकानदार ओळखीचा असतो, नाही म्हणत नाही. अशा पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी विनवणी आहे. टोपणाचा ब्रीदर महिन्यातून एकदा काढून झटका. ऑपरेटरनं सांगितलेला आवाज ऐका. आणि टाकी सोड्यानं धुतली का, पाणी भरलं का, हे स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वेल्डरला होल्डर उचलू देऊ नका. एक दिवस भाडं बुडलं तर बुडू द्या.